सावकाश, आत भोपळे आहेत

लिंडेनरोडा, येनाजवळ
९ मार्च २०२५

सुधीरभावजी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आम्हा दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंत त्याला आज सतरा दिवस झाले. आमचे प्रतापराव, म्हणजे तुमचे दादा, म्हणाले, येईल ताळ्यावर. मी म्हटलं, कधी येतील ते पंचांगात दिलेलं नाही, तोवर टपाल आहे. म्हणून बावन्नाव्या वर्षी जर्मन पोस्टाच्या रांगेत उभी राहून तिकीट चिकटवते आहे. ब्लॉक करायची सोय पोस्टमनकडे नसते, एवढं ध्यानात ठेवा.

भांडण टेम्पोच्या फोटोवरून आहे, इतपत मला कळलंय. दोन वर्षांपूर्वी तुमच्या दादांनी मिरजेच्या शेडमधून बाबांचा तीनचाकी टेम्पो उचलला, जहाजावर चढवला, इथल्या क्रेट्श्मार नावाच्या मेकॅनिकच्या ताब्यात दिला. त्याने चौदा महिने त्याची शुश्रूषा केली. फेब्रुवारीत तो फिकट निळा, नखासारखा चकचकीत होऊन बाहेर आला. आम्ही हौसेने फोटो पाठवला. तुम्ही लिहिलंत, "हा आमचा नव्हे," आणि दार लावून घेतलंत. न्यायशास्त्र शिकताना आम्ही धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकलो होतो. तुमच्या बाबतीत धूर शोधायला लागलाच नाही.

रंगावरून एवढा राग? मान्य, आपला टेम्पो मातकट होता. पण या गाडीचा मूळ आराखडा जर्मनीचा, हे ऐकल्यावर क्रेट्श्मारला चेव आला आणि त्याने तिला तिच्या आजोळचा रंग दिला.

खरं निमित्त पुढे आहे. आमच्या गावात दर जुलैत 'वागेनब्रांड' नावाचा सोहळा होतो. चारशे वर्षांपूर्वी गावात शिरणाऱ्या प्रत्येक बैलगाडीवर नगरपालिका तापल्या लोखंडाने त्या वर्षाचं अक्षर डागायची. डाग नसेल तर गाडी वेशीबाहेर. बैल गेले, डाग राहिला. आता तीस वर्षांहून जुन्या मोटारी, ट्रॅक्टर, फटफट्या चौकात येतात. प्रत्येकाबरोबर एक ओकची फळी असते, महापौरीणबाई तिच्यावर लाल झालेलं अक्षर दाबतात, धूर निघतो, बँड वाजतो, लोक सॉसेज खातात. कम्युनिस्ट राजवटीतही हे बंद पडलं नव्हतं म्हणे, फक्त त्या काळात मोटारी कमी आणि ट्रॅक्टर फार.

गंमत अशी की डाग मालकाच्या नावाने पडत नाही. चाकाने रस्ता उखडला तर धरायचा कोणाला, तर हाकणाऱ्याला. म्हणून पालिकेच्या वहीत गाडी सर्वांत जास्त वर्षं ज्याने हाकली त्याचं नाव लिहितात. एकच ओळ, एकच नाव, आणि ते गाडीवर हात ठेवून सर्वांसमोर सांगायचं. वही सोळाशे अमुकपासूनची आहे. दादांनी फॉर्मुलारवर, म्हणजे अर्जावर, बाबांचं नाव लिहिलंय, १९८८ ते १९९६. ते नाव त्या वहीत गेलं की आपलं कर्तव्य झालं, असं ते गेले वर्षभर म्हणताहेत.

सोबत बाबांचा फोटो लावायचाय. तो दिवाळीतला, टेम्पोत बसलेले बाबा कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे बघताहेत, तो. मी त्याला दूरदृष्टीचा फोटो म्हणते. त्याची निगेटिव्ह तुमच्याकडे असेल तर पाठवा.

आणि रुसवा सोडा. बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही आठ दिवस माडीवरून उतरला नव्हतात, असं दादा सांगतात. तेव्हा निदान नापास झाल्याचं कारण होतं.

तुमची पुतणी निधी ठीक. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, दोघींना वाटतं आपण जिंकलो.

तुमची
ऊर्मिलावहिनी

•

मिरज
२ एप्रिल २०२५

ती. वहिनींस सा. नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तर देणार नव्हतो. पण तुम्ही तिकीट चिकटवलंत म्हणता, म्हणून देतो.

निगेटिव्ह माझ्याकडे आहे. पाठवणार नाही.

रंगाचं काही नाही. रंग मीच तीनदा बदलला होता. तुमच्या मेकॅनिकने मागची पाटी खरवडली त्याचं काय? मागच्या फळक्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "सावकाश, आत भोपळे आहेत." ते पेंटरने लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. मंगळवेढ्याकडून तंबोऱ्याचे वाळके भोपळे भरून मिरजेला आणायचे म्हणजे शंभर किलोमीटर वीसच्या स्पीडने. सांगोल्याच्या रस्त्यावर एसट्या मागून हॉर्न मारून जीव खायच्या, म्हणून लिहिलं. एक भोपळा तडकला तर एक तंबोरा गेला. चांगला भोपळा पिकायला एक हंगाम जातो, वाळायला दुसरा. ते वाचून ड्रायव्हर लोक हसायचे आणि हसले की हॉर्नवरचा हात काढायचे. ती पाटी तुमच्या जर्मनाने तासली आणि दादाने तासू दिली. दादाला जर्मन येतं ना? मग थांब म्हणायला काय झालं होतं?

दादाने नेताना सांगितलं होतं, सुध्या, दुरुस्त करून ठेवतो, आहे तसा. मी किल्ली दिली. आहे तसा म्हणजे काय, हे दोघांचं वेगळं निघालं.

आणखी एक. फोटोत आतली बाजू दिसते. क्लचवरचा लाकडी ठोकळा दिसत नाही. तो कुठे आहे, एवढं दादाला विचारा. त्याला माहीत नसेल. नसणारच.

वहीत कोणाचं नाव घालायचं ते घाला. मी कोण सांगणार, मी बारावी नापास.

आपला
सुधीर

•

लिंडेनरोडा
२७ एप्रिल २०२५

भावजी, सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी मला राग आला, मग शरम वाटली, मग मी सायकल काढून क्रेट्श्मारकडे गेले. दादांना विचारून झालं होतं. ते म्हणाले, "कसला ठोकळा?" तुमचं भाकीत खरं ठरलं, आनंद माना.

क्रेट्श्मार हा माणूस फेकून काहीच देत नाही. भिंतीला खिळे, खिळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांवर क्रमांक. एकेचाळीस क्रमांकावर लिहिलं होतं, 'वस्तू अज्ञात, मूळची नाही'. आत तुमचा ठोकळा. तांबूस, हलका, चार बोटं जाड, खाली पेडलवर अडकवायला पत्र्याच्या दोन पट्ट्या. वरच्या बाजूला खोलगट झिजलेला. मी तो हातात घेतला आणि भावजी, त्या खळग्यात अंगठ्याची वेगळी वाटी आहे. घासून घासून लाकूड आरशासारखं झालंय.

क्रेट्श्मार म्हणाला, आल्झो, हे चालवणारा अनवाणी असायचा. जास्तीत जास्त अडतीस नंबरचा पाय. बुटका माणूस, नाहीतर पोरगा. आणि तीनचार वर्षांत लाकूड असं होत नाही, तू म्हणतेस तसे भोपळे वाहायचे म्हणजे क्लच सारखा अर्धा दाबून धरावा लागत असेल, तरी आठ-नऊ वर्षं. ही सगळी माहिती त्याने मला हवामान सांगावं तशी सांगितली.

मी घरी येऊन न्यायशास्त्र काढलं. बाबा सहा फुटी, दादांसारखे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या चपला माडीच्या जिन्यात असायच्या, होड्याच त्या. हा ठोकळा लावून बाबा बसले असते तर गुडघा स्टिअरिंगला लागला असता. तुम्ही पाच फूट एक, आईंच्या वळणाचे. कागदावर दादा म्हणतात तुम्ही टेम्पो चालवलात ९६ ते ९९, बाबांची नजर गेल्यावर, तीन वर्षं. क्रेट्श्मारचं लाकूड म्हणतं नऊ. माणसं आणि लाकूड यांची साक्ष जुळत नसेल तर मी लाकडावर विश्वास ठेवते, ते कोणाच्या पंगतीला बसून त्याची बाजू घेत नाही.

म्हणून सरळ विचारते. १९९० ते ९६ टेम्पो कोण चालवत होतं?

ठोकळा मी घरी आणलाय. माझ्या अमरकोशाच्या शेजारी ठेवलाय. दादांना दाखवलेला नाही.

ऊर्मिलावहिनी

ता. क. बारावीचा टोमणा मी मागे घेते. कशासाठी घेते आहे ते मला अजून माहीत नाही, पण घेते.

•

मिरज
१९ मे २०२५

ती. वहिनींस सा. न.

तुम्ही शास्त्री लोक. एका लाकडावरून घर काढलंत. आता ऐका, आणि ऐकून झाल्यावर गप्प बसा.

९० सालच्या मे महिन्यात बाबा सांगलीच्या दवाखान्यातून आले आणि उंबऱ्याला अडखळले. काचबिंदू. बाजूचं सगळं गेलं होतं, समोरचं नळीतून दिसावं एवढं उरलं होतं. वर्षभरात तेही गेलं. त्या आधी दोन महिने त्यांनी टेम्पो कसा चालवला, देव जाणे. दादा नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला कळलं असतं तर तो पहिल्या गाडीने परत आला असता आणि परत गेला नसता. आईला हे पक्कं माहीत होतं. तिने मला देवापुढे उभं केलं आणि शपथ घातली. दादाची डिग्री हातात पडेपर्यंत, नोकरी लागेपर्यंत, त्याला काही कळू द्यायचं नाही.

मला अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते. पाय क्लचला पोचत नव्हता. गल्लीतले तंबोरेवाले चाचा म्हणाले, थांब. त्यांनी तंबोऱ्याच्या दांडीचं उरलेलं तुणाचं लाकूड तासलं आणि तो ठोकळा केला. टेम्पो बंद पडला तर त्यांचेही भोपळे बंद, हे खरं, पण तेवढ्यासाठी नाही केला त्यांनी.

बारावीचा निकाल जूनमध्ये लागला. एकाहत्तर टक्के. डिप्लोमाला मिळालं असतं. दादाने पत्रात विचारलं, पुढे काय? काय सांगणार? सांगितलं, नापास झालो. नापास पोरगा टेम्पोवर बसला तर कोण विचारतं कशाला बसला? सगळं जुळून आलं. आठ दिवस माडीवर होतो ते खरं. दादाला तेवढंच आठवतं.

तो दिवाळी आणि उन्हाळ्याला यायचा. तेव्हा टेम्पो शेडमध्ये. आई पेपर मोठ्याने वाचायची, म्हणायची यांचा चष्मा फुटलाय. बाबांना घर हाताने पाठ होतं. तुमचा तो दूरदृष्टीचा फोटो ९१ च्या दिवाळीतला. दादाने मित्राचा कॅमेरा आणला होता. बाबांना टेम्पोत बसवलं. मी चाकाशी उभा होतो. दादा म्हणाला, "सुध्या, तू बाजूला हो, बाबांचा एकट्याचा घ्यायचाय." मी झालो. मग तो म्हणाला, बाबा इकडे बघा, आणि म्हणता म्हणता दोन पावलं उजवीकडे सरकला. बाबा जिथून आवाज आला होता तिथे बघून हसले. म्हणून ते लांब बघताहेत.

डिग्रीनंतर दादा पुढे शिकत राहिला. ९६ ला त्याला नोकरी लागली तेव्हा सांगितलं, नजर आत्ताच गेली. त्याने मानलं. आज तो तुमच्या येनात डोळे तपासायच्या यंत्रांच्या भिंगांवर काम करतो. सहा वर्षं बापाच्या ताटात आमटी कुठे आहे हे आई बोट धरून दाखवत होती, त्याला दिसलं नाही. मग तुमच्या लग्नात व्याह्यांना माझी ओळख करून देताना म्हणाला, हा आमचा बारावी नापास, पण मनाचा राजा. तुम्ही पण हसला होतात.

मी रागावलेला आहे, वहिनी. फेब्रुवारीपासून नाही, पस्तीस वर्षांपासून. पाटी खरवडली म्हणून फक्त तो बाहेर पडला.

दादाला सांगायचं नाही. आई गेली म्हणून शपथ सुटत नाही. सांगितलंत तर यापुढे तुमचं पत्र उघडणार नाही. ठोकळा ठेवा तुमच्याकडे.

सुधीर

•

लिंडेनरोडा
१२ जून २०२५

भावजी,

नमस्काराला आज जागा नाही.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा माझ्या त्या लग्नातल्या हसण्याबद्दल स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तिसऱ्यांदा दादांचा राग आला, इतका की त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं आणि समोर बसलेच नाही; त्यांना वाटलं माझं पित्त उठलंय. चौथ्यांदा वाचलं तेव्हा मात्र तुमचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही, तेव्हा तोच लिहिते.

तुम्ही तिघांनी मिळून एक नाटक केलंत. नेपथ्य, वेशभूषा, फुटलेला चष्मा, सगळं चोख. प्रेक्षक एकच. त्या प्रेक्षकाने नाटक खरं मानलं, आणि तुम्ही पस्तीस वर्षं त्याच्यावर चिडलात की याला कळत कसं नाही? अहो, कळू नये म्हणून तर तुम्ही घाम गाळलात. तो बघत नव्हता हे खरं. त्याने बघायला हवं होतं हेही खरं. पण दार आतून लावून घेऊन कोणी आत येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचं, याला माझ्या शास्त्रात तप म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. ९६ ला त्याला नोकरी लागली. आईंची शपथ तिथे संपत होती, शब्द तुमचेच आहेत, "नोकरी लागेपर्यंत". त्यानंतरची एकोणतीस वर्षं कोणाची शपथ होती? ती तुमची स्वतःची. तुम्हाला तो राग हवा होता. सांगितलं असतं तर तो माफी मागून मोकळा झाला असता आणि तुमच्या हातात काही राहिलं नसतं.

हे जास्त लिहिलं असेल. खोडत नाही.

आता कामाचं. ६ जुलैच्या रविवारी वागेनब्रांड आहे. फ्राऊ लोझे म्हणून पालिकेच्या लेखनिक आहेत, त्या टेबलाशी वही उघडून बसतात, आणि गाडीवर हात ठेवून नाव सांगावं लागतं. त्या वहीत १७०२ साली कोणा खोटं बोलणाऱ्याचं नाव खोडलेलं आहे आणि ते खोडलेलं दर वर्षी लोकांना दाखवतात, चारशे माणसांसमोर. दादा त्या दिवशी निळ्या टेम्पोवर हात ठेवून बाबांचं नाव सांगणार. ते खोटं बोलणार नाहीत, त्यांना खोटं माहीतच नाही. खोटं मी बोलेन, शेजारी गप्प उभी राहून. आणि बाबा, ज्यांनी सहा वर्षं अंधारात तुमच्याशेजारी बसून फक्त गिअरचा आवाज ऐकला असेल, त्यांना तरी ते नाव आवडलं असतं का, हे तुम्हीच सांगा. तुम्हीच त्यांना ओळखता.

मी सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणेपर्यंत सांगणार नाही. पण मला मोकळं करा. पत्राला वेळ नसेल तर पाच मिनिटं ब्लॉक काढा, 'सांगा' एवढं लिहा, परत ब्लॉक करा. मी वर काही बोलणार नाही.

ऊर्मिला

•

मिरज
३० जून २०२५

ती. वहिनींस,

पत्र काल मिळालं.

तुम्ही लिहिलंत ते खरं असेल. खरं असलं म्हणून लिहायचं नसतं.

नाही. सांगायचं नाही. बाबांचं नाव जाऊ द्या वहीत. ते शेजारी बसून गिअरचा आवाज ऐकायचे हे तुम्ही बरोबर ओळखलंत. सांगोल्याच्या चढावर मी दुसरा टाकायला चुकलो की ते न बोलता माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. चालवत तेच होते म्हणा. मी पाय होतो.

हट्ट तर हट्ट.

सुधीर

•

लिंडेनरोडा
८ जुलै २०२५

भावजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. फोनही बंदच आहे. म्हणून मी सांगितलं नाही. तोंडाने एक अक्षर सांगितलं नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, सांगितलंतच.

शनिवारी मी अमरकोशाशेजारचा ठोकळा पिशवीत घातला आणि क्रेट्श्मारकडे गेले. म्हटलं, ही वस्तू मूळची आहे. होती तिथे बसव. तो म्हणाला, नवरा चिडेल. मी म्हटलं, चिडू दे, घरात सध्या चिडण्याला तोटा नाही. त्याने दोन पट्ट्या सरळ केल्या आणि बसवला. 'अज्ञात' लिहिलेली चिठ्ठी त्याने स्वतःच फाडली.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गॅरेजवर गेलो. दादा नवा शर्ट घालून, हातात बाबांचा फोटो. निगेटिव्हशिवाय मोठा केलेला, जरा धुरकट. आत बसले, डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि गुडघा खाडकन स्टिअरिंगवर आदळला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आदळला. खाली वाकून बघितलं. "हे काय बसवलंय?" क्रेट्श्मारकडे बघून ओरडले. क्रेट्श्मारने माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मिरजेहून आला तेव्हा होताच तो. पिशवी क्रमांक एकेचाळीस.

निधीने डोकं आत घातलं आणि जर्मनमध्येच विचारलं, एवढा छोटा पाय कोणाचा.

भावजी, मग जे झालं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. दादा खाली उतरले. बूट काढला, मोजा काढला. उभ्याउभ्याच पाय लांबवून त्या खळग्यावर ठेवला. पाय खळग्याच्या चहूबाजूंनी बाहेर. पाय काढला, अंगठा त्या वाटीत घालून बघितला, हाताचा. मग म्हणाले, "बाबांची चप्पल मला यायची." मग खळग्यावरून बोट फिरवत, "ही झीज तीन वर्षांची नाही." क्रेट्श्मारला मराठी येत नाही, पण त्याने झीज बरोबर ओळखली. म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, आठ-नऊ वर्षं. त्याला फार आनंद झाला.

दादांनी बाबांचा फोटो उचलला. त्यांची नजर फोटोतल्या बाबांच्या नजरेमागे गेली, आणि बाबा जिथे बघताहेत तिथे, कडेच्या बाहेर, बोट ठेवलं. भिंगं तपासणारा माणूस आहे हो, एकदा बघायला लागला की त्याला सगळं दिसतं. म्हणाले, "मी सरकलो होतो." मग माझ्याकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मेपासून."

"आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, तुला माहीत आहे, हा क्रेट्श्मार ओळखतो. मी कोण होतो घरात, पाहुणा?"

असं ओरडताना मी त्यांना सत्तावीस वर्षांत पाहिलेलं नाही. तुमच्यावर ओरडले, आईंवर ओरडले, माझ्यावर तर खूपच. निधी घाबरली नाही, हे मला आवडलं. सगळं ओरडून झाल्यावर अगदी हळू विचारलं, म्हणजे नापास होणंही खोटंच, बारावीला खरे किती होते? मी सांगितलं नाही. तुम्हाला शब्द दिला होता. ते म्हणाले, ऊर्मिला, तुझं गप्प बसणं मला वाचता येतं. आणि गॅरेजच्या मागे गेले.

परत आले तेव्हा क्रेट्श्मार पाना घेऊन ठोकळा काढायला वाकला होता, कारण त्याशिवाय टेम्पो चालवता येणार नव्हता. दादांनी त्याच्या हातातून पाना घेतला. म्हणाले, हा निघणार नाही. मी चालवणार नाही.

तेव्हा भावजी, तुमचा टेम्पो लिंडेनरोडाच्या चौकात ढकलत गेला. पुढे एक मर्सिडीज, मागे पन्नास सालचा ट्रॅक्टर, मध्ये आम्ही चौघं ढकलतोय, वीस तर सोडा, दोनच्या स्पीडने. ट्रॅक्टरवाला मागून हॉर्न मारत होता. मला त्या पाटीची आठवण झाली. ती असती तर तो हसला असता.

फ्राऊ लोझेंनी वही उघडली. फॉर्मुलार वाचलं, बाबांचं नाव उच्चारायचा प्रयत्न केला. दादांनी टेम्पोवर हात ठेवला आणि म्हणाले, फॉर्मुलार चुकीचं आहे. सुधीर. १९९० ते १९९९. लेखनिकबाईंनी विचारलं, हे नक्की? दादा म्हणाले, नक्की, मला आज सकाळीच कळलं. बाईंनी बाबांचं नाव न खोडता फॉर्मुलार बाजूला ठेवलं आणि वहीत तुमचं नाव लिहिलं. त्यांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, स्पेलिंग जरा वेंधळं आहे, पण तुम्हीच आहात.

डागायची वेळ आली तेव्हा दादा ओकची फळी देईनात. ठोकळा पट्ट्यांसकट काढून त्यांनी स्वतः महापौरीणबाईंच्या हातात दिला. कुजबुज झाली. फ्राऊ लोझे म्हणाल्या, जुन्या नियमात लाकूड गाडीचंच हवं असं आहे. फळी ही नंतरची सोय. यंदाचं अक्षर 'के'. तुणाच्या लाकडाचा धूर ओकसारखा नसतो. गोडसर, तंबोऱ्याच्या दुकानात येतो तसा. डाग निवल्यावर दादांनी ठोकळा पुन्हा क्लचवर बसवला.

तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाहीत. राग माझ्यावर आहे, तो मी कमावलाय. रोज संध्याकाळी कागद घेऊन बसतात. पहिली ओळ लिहितात, फाडतात. काल टोपलीत तुकडे बघितले. सगळ्यांवर एकच शब्द, "सुध्या", आणि पुढे काही नाही.

तुम्ही आता माझं पत्र उघडणार नाही म्हणाला होतात. हे उघडलंत असं धरून चालते.

ऊर्मिलावहिनी

•

मिरज
२ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस सा. न.

उघडलं.

माझं 'नाही' तुम्हाला सगळं उरकल्यावर मिळालं असणार. आधी मिळालं असतं तरी तुम्ही ठोकळा बसवला असता, हे मला कळतं. तोंडाने नाही सांगितलं म्हणता. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात ते मला सांगू नका.

ठोकळा जाळायला कोणी सांगितलं होतं? परवानगी कोणाची घेतली? तो दादाचा नव्हता, पालिकेचा नव्हता. खळगा माझ्या पायाचा आहे. तुमच्या निधीने माझ्या लेकीला, ईप्सिताला, ईमेलने फोटो पाठवला, तो बघितला. 'के' बरोबर अंगठ्याच्या वाटीत दाबलाय. बाजूला चांगली चार बोटं जागा होती.

परत पाठवू नका. आता काढला तर पट्ट्या तुटतील. जिथे होता तिथे राहू द्या.

सोबत गुंडाळून ट्रेसिंग पेपर पाठवतोय. पाटीचा. अक्षरं माझ्या हातची आहेत, मूळच्या मापाची, 'भोपळे'मधला 'ळे' थोडा कलता आहे, तो सरळ करायचा नाही. रंग पिवळा, पण लिंबू नव्हे, हळदीचा. तुमच्या निळ्यावर कसा दिसेल देव जाणे. दादाला म्हणावं, कोणा पेंटरला देऊ नकोस, क्रेट्श्मारलाही नाही. कागद फळक्यावर चिकटवायचा, सुईने भोकं पाडायची, कोळशाची पूड चोळायची, मग ब्रश. घाई करायची नाही. चुकलं तर पुसून परत. हे त्याने स्वतःच्या हाताने करायचं, एकट्याने, आणि मागून कोणी हॉर्न मारला तरी थांबायचं नाही.

निगेटिव्हही पाठवतोय. फोटो मोठा करायचा असेल तर अख्खा करा, कडा कापू नका. डाव्या कडेला चाकाशी माझं कोपर आलेलं आहे. मी पूर्ण बाजूला झालो नव्हतो.

आणि तो टोपलीतला कागद. एका शब्दावर अडला असेल तर तेवढाच पाठव म्हणावं. त्याचं मी काय करायचं ते बघतो. फोन अजून ब्लॉकच आहे आणि राहील. इंजिनिअर आहे, लिहायला शीक म्हणावं.

सुधीर